स्कीन्स आहे, पण संघ कुठे आहे?

१८ मे २०२५, रविवार. फिलाडेल्फियाच्या बेसबॉल मैदानावर पिट्सबर्ग पायरेट्सचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, पॉल स्कीन्स याने आठ इनिंग्ज एकट्याने टाकल्या. समोर फिलीज, म्हणजे लीगमधल्या सगळ्यात धोकादायक फलंदाजांपैकी काही जण. त्यांना सबंध सामन्यात तीन हिट मिळाल्या (चेंडू मारून बेस गाठणं म्हणजे हिट), नऊ जण स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद झाले. तरीही पिट्सबर्ग पायरेट्स १-० असे हरले आणि बेसबॉलच्या रीतीप्रमाणे तो पराभव स्कीन्सच्या नावावर लागला. बावीस वर्षांच्या पोराने याहून जास्त काय करायचं होतं? त्या दिवशी आमच्या संघाला एक धाव हवी होती बरोबरीसाठी, दोन हव्या होत्या जिंकण्यासाठी. एकही निघाली नाही.

पायरेट्सचा २०२५ चा सगळा मोसम असाच गेला. १६२ सामन्यांत ७१ विजय, ९१ पराभव, गटात शेवटचा क्रमांक. मे महिन्यात १२-२६ अशी अवस्था झाल्यावर मॅनेजर डेरेक शेल्टनला काढलं आणि डॉन केलीला आणलं. केली पिट्सबर्गचाच, मन लावून काम करणारा माणूस. त्याच्या हाताखाली संघ ५९-६५ असा खेळला, म्हणजे निदान लाज राखली. पण मॅनेजर बदलून होम रन, म्हणजे थेट कुंपणापार फटके, येत नसतात. त्या यादीत आम्ही तीस संघांत तळाला होतो. ओनील क्रूझचे २० हा आमचा उच्चांक!

दुसऱ्या बाजूला स्कीन्स. १८७ इनिंग्जच्या वर पिचिंग, २१६ स्ट्राइकआउट आणि दर नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावांची सरासरी १.९७. ज्यांना बेसबॉलची फारशी ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही सरासरी तीनच्या खाली असली तरी पिचर उत्तम समजला जातो. दोनच्या खाली सबंध मोसम काढणं ही फार थोड्यांना जमणारी गोष्ट. सर्वोत्तम पिचरला दिला जाणारा नॅशनल लीगचा साय यंग पुरस्कार त्याला मिळाला, तोही एकमताने, तीसच्या तीस मतदारांची पहिली पसंती. आणि त्याचे जय-पराजय? १०-१०.

मी पिट्सबर्गला स्थायिक झालेला मराठी माणूस आहे आणि या संघावर माझं मनापासून प्रेम आहे. म्हणूनच हे लिहावंसं वाटतं. पायरेट्सच्या दुर्दशेवर जे ठरावीक उत्तर दिलं जातं ते मला पटत नाही, आणि त्यावर जो उपाय सध्या सगळीकडे सुचवला जातोय तो अर्धवट आहे.

ठरावीक उत्तर असं: पिट्सबर्ग लहान शहर, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क मोठी. टीव्हीचा पैसा तिकडे. बेसबॉलमध्ये खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादा नाही, त्यामुळे लॉस एंजेलिसचे डॉजर्स तीस कोटी डॉलरच्या वर खर्च करतात आणि आम्ही दहा कोटींच्या आत राहतो. मग स्पर्धा कसली?

यातला पहिला भाग खरा आहे. डॉजर्सने २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ दोन वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिका, जिंकल्या, त्यात पैशाचा वाटा मोठा होता हे कोणीही मान्य करेल. पण पायरेट्सला गरीब म्हणताना एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते. मेजर लीग या बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमधला प्रत्येक संघ आपल्या स्थानिक उत्पन्नातले ४८ टक्के एका सामायिक निधीत टाकतो आणि तो निधी सगळ्यांत समान वाटला जातो. म्हणजे न्यूयॉर्कच्या तिकिटांतला आणि लॉस एंजेलिसच्या टीव्हीतला हिस्सा पिट्सबर्गला पोचतो. शिवाय राष्ट्रीय प्रसारणाचे पैसे वेगळे. करारातच लिहिलेलं आहे की सामायिक निधीतून मिळालेला पैसा मैदानावरचा खेळ सुधारण्यासाठी वापरायचा. २०१८ साली खेळाडूंच्या संघटनेने याच मुद्द्यावर चार संघांविरुद्ध तक्रार दाखल केली होती. त्या चारांत पायरेट्स होते.

आणि मिलवॉकीचं काय करायचं? मिलवॉकीचा महानगर परिसर पिट्सबर्गच्या परिसरापेक्षाही लहान, तिथे टीव्हीचा बाजार आणखी छोटा. तिथले ब्रुअर्स आमच्याच गटात खेळतात, आमच्याच नियमांनी खेळतात. २०२५ मध्ये त्यांनी ९७ सामने जिंकले. अख्ख्या लीगमध्ये तेवढे कोणीच जिंकले नाहीत. टँपा बे आणि क्लीव्हलँडनेही वर्षानुवर्षं कमी पैशांत चांगले संघ उभे केले आहेत. शेवटी डॉजर्सनेच ब्रुअर्सना मालिकेत ४-० असं गारद केलं, त्यामुळे पैशाला महत्त्व नाही असं मी म्हणणार नाही. पण ऑक्टोबरमध्ये डॉजर्सकडून हरणं वेगळं आणि मे महिन्यातच मोसम संपणं वेगळं. पहिल्याला नशीब म्हणता येईल, दुसरं घडवून आणलेलं असतं.

आमच्याकडे ते कसं घडवून आणलं गेलं, हे पिट्सबर्गच्या कोणत्याही जुन्या फॅनला तोंडपाठ आहे. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये अटलांटात शेवटच्या इनिंगमध्ये अटलांटाचा सिड ब्रीम निर्णायक धाव घेत घसरत होम प्लेटवर पोचला आणि आमची वर्ल्ड सिरीजची वाट बंद झाली. त्यानंतर १९९३ ते २०१२, सलग वीस मोसम, विजयांपेक्षा पराभव जास्त. उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळांमध्ये इतका लांब नन्नाचा पाढा दुसऱ्या कोणत्याच संघाने वाचलेला नाही. मग २०१३ ते २०१५ अशी तीन वर्षं सुखाची आली. अँड्र्यू मॅककचन मधल्या मैदानात, गेरिट कोल पिचर, आणि २०१३ च्या वाइल्ड कार्ड (गट न जिंकलेल्या संघांना पुढे जाण्याची संधी देणाऱ्या) सामन्यात काळे कपडे घालून आलेलं सगळं स्टेडियम सिनसिनाटीच्या जॉनी क्वेटोच्या नावाचा एका सुरात गजर करत होतं. त्याच्या हातून चेंडू खाली पडला आणि पुढच्याच चेंडूवर आमच्या रसेल मार्टिनने होम रन मारला. त्या रात्रीबद्दल या शहरात आजही लोक डोळ्यांत चमक आणून बोलतात. २०१५ मध्ये तर ९८ विजय मिळाले, पण एकाच सामन्याचा वाइल्ड कार्ड शिकागोच्या जेक अरिएटासमोर हरलो.

तिथून पुढे एक पाऊल टाकायचं होतं. ते मागे टाकलं गेलं. जानेवारी २०१८ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने कोल आणि मॅककचन दोघांनाही देऊन टाकलं. कोलला पुढे न्यूयॉर्क यांकीजने ३२ कोटी ४० लाख डॉलरचा करार दिला. त्याच वर्षी जुलैअखेर क्रिस आर्चरसाठी टायलर ग्लॅसनाऊ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ असे तिघं टँपाला गेले. आर्चर इथे चालला नाही आणि ग्लॅसनाऊ आता डॉजर्सकडे वर्ल्ड सिरीज जिंकतोय. २०१८ नंतर २०२५ पर्यंत एकाही मोसमात आमचे विजय पराभवांपेक्षा जास्त झालेले नाहीत.

बॉब नटिंग २००७ पासून संघाचे मुख्य मालक आहेत. त्यांच्या काळातला २०२५ अखेरपर्यंतचा सगळ्यात मोठा खेळाडू-करार ब्रायन रेनॉल्ड्सचा, आठ वर्षांसाठी १० कोटी ६७ लाखांच्या आसपास. आज मेजर लीगमध्ये मधल्या फळीतल्या खेळाडूंनाही असे करार मिळतात. २०२५ च्या घरच्या पहिल्याच सामन्यात प्रेक्षक ‘संघ विकून टाका’ अशा घोषणा देत होते, ते काही उगाच नाही.

आता उपायाबद्दल. मालक आणि खेळाडू यांच्यातला करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. मालकांना पगारावर कमाल मर्यादा हवी आहे, खेळाडूंच्या संघटनेने ती आजवर कधीच मान्य केलेली नाही, आणि त्यामुळे २०२७ चा मोसम वेळेवर सुरू होईल की नाही याची चर्चा आतापासून सुरू आहे. पिट्सबर्गच्या कट्ट्यांवर बहुतेक फॅन्स मालकांच्या बाजूने आहेत. डॉजर्सला लगाम घाला, आपोआप आपले दिवस येतील, असं त्यांना वाटतं.

मला वाटत नाही. डॉजर्सना वीस कोटींवर थांबवलं तर पायरेट्स नऊ कोटींवरून वर का येतील? वरचं छत खाली आणल्याने तळ उचलला जात नाही. ज्या मालकाला खर्च करायचा नाही त्याला कमाल मर्यादेने काडीचाही फरक पडत नाही. उलट वाचलेला पैसा खेळाडूंच्या खिशातून मालकांच्या खिशात जातो, एवढंच. हवी आहे ती किमान मर्यादा: प्रत्येक संघाने खेळाडूंवर अमुक इतका खर्च केलाच पाहिजे, नाहीतर सामायिक निधीतला वाटा कापला जाईल.

ही काही जगावेगळी मागणी नाही. याच शहरातले स्टीलर्स ज्या अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये खेळतात आणि पेंग्विन्स ज्या हॉकी लीगमध्ये खेळतात, तिथे कमाल आणि किमान दोन्ही मर्यादा आहेत. मराठी वाचकांना तर आयपीएलचं उदाहरण घरचंच आहे. २०२५ च्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाकडे १२० कोटी रुपये होते, आणि त्यातले किमान ७५ टक्के खर्च करणं बंधनकारक होतं. कोणी मालक पैसे राखून दुबळा संघ उतरवू लागला तर स्पर्धेचाच बट्ट्याबोळ होईल, हे आयपीएल चालवणाऱ्यांना पहिल्यापासून कळलं. शंभराहून जास्त वर्षं जुन्या मेजर लीगला ते अजून कळायचं आहे.

पण लीगच्या करारावर पिट्सबर्गच्या नागरिकाचा काही जोर चालत नाही. तिथे आपण फक्त बघे. जोर चालतो तो दुसऱ्या ठिकाणी, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्याबद्दल.

पायरेट्सचं पीएनसी पार्क हे बेसबॉलमधलं सगळ्यात देखणं मैदान, हे मी निव्वळ अभिमानाने म्हणत नाही, बाहेरगावचे फॅन्सही म्हणतात. उजव्या कुंपणापलीकडे ॲलेगेनी नदी, नदीवर पिवळा क्लेमेंटे पूल, पुलापलीकडे शहराच्या इमारती. सामन्याच्या दिवशी पूल गाड्यांना बंद असतो आणि माणसांचा लोंढा त्यावरून चालत येतो. हे मैदान २००१ मध्ये उघडलं, आणि बांधलं गेलं ते मुख्यतः लोकांच्या पैशाने. त्याची कहाणी नव्या फॅन्सना ठाऊक नसते. नोव्हेंबर १९९७ मध्ये आजूबाजूच्या अकरा काउंटींत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) मतदान झालं होतं. नवी मैदानं आणि इतर कामांसाठी विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढवायचा का? लोकांनी ‘नाही’ म्हणून सांगितलं. मग पुढाऱ्यांनी ‘प्लॅन बी’ आणला, आणि ॲलेगेनी काउंटीत आधीपासून वसूल होत असलेल्या एक टक्का जादा विक्रीकरातून, हॉटेलवरच्या करातून आणि राज्याच्या तिजोरीतून पैसा उभा केला. मतदारांनी नाकारलेला खर्च मतदारांच्याच खिशातून झाला. त्या वेळी सांगितलं गेलं होतं की नवं मैदान नसेल तर संघाला स्पर्धा करता येणार नाही, शहर सोडावं लागेल.

मैदान मिळालं. पंचवीस वर्षांत स्पर्धा तीन वर्षं झाली.

ही जागा आजही सार्वजनिक प्राधिकरणाच्या मालकीची आहे, पायरेट्स भाडेकरू आहेत आणि भाडेकरार २०३० पर्यंतचा आहे. म्हणजे पुढच्या तीन-चार वर्षांत संघ आणि शहर पुन्हा टेबलाशी बसणार. दुरुस्ती हवी, नव्या सोयी हव्यात, त्याला सरकारी पैसा हवा, अशी मागणी होणारच, कारण देशभर सगळे मालक हेच मागतात. तेव्हा काउंटीने आणि शहराने लेखी अट घातली पाहिजे. ज्या वर्षी संघाचा खेळाडूंवरचा खर्च लीगच्या सरासरीच्या ठरावीक प्रमाणाखाली जाईल, त्या वर्षी भाडं वाढेल आणि देखभालीतला सार्वजनिक वाटा कमी होईल. जिंकण्याची सक्ती कोणी करू शकत नाही, खेळ आहे तो. पण प्रयत्नांचा हिशेब पैशात मागता येतो. एखादा दुकानदार महापालिकेचा गाळा घेतो तेव्हा गाळा बंद ठेवणार नाही असं लिहून देतो ना? मग इथेच संकोच का?

यावर एक आक्षेप मला मित्रांकडून ऐकू येतो: फार ताणलं तर मालक संघ दुसऱ्या गावी नेतील. ओकलंडचे ॲथलेटिक्स गेलेच की. ही भीती खोटी नाही, ओकलंडच्या फॅन्सचं दुःख आम्ही पाहिलं आहे. पण पिट्सबर्गची जमेची बाजू वेगळी आहे. ओकलंडचं मैदान मोडकळीला आलेलं होतं. इथे नदीकाठी असं मैदान उभं आहे की त्याच्या तोडीचं दुसऱ्या शहराला आधी बांधावं लागेल. शिवाय हा संघ १८८७ पासून नॅशनल लीगमध्ये आहे आणि शहराच्या रक्तात भिनलेला आहे. १३ ऑक्टोबर १९६० ला पायरेट्सच्या बिल मॅझरॉस्कीने वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्याच्या शेवटच्या इनिंगमध्ये होम रन मारून यांकीजला हरवलं. तो सामना जिथे झाला ते फोर्ब्स फील्ड मैदान केव्हाच पाडलं गेलं, पण विद्यापीठाच्या आवारात त्याच्या कुंपणाच्या भिंतीचा एक तुकडा उभा आहे. दर १३ ऑक्टोबरला लोक खुर्च्या घेऊन त्या भिंतीपाशी जमतात आणि त्या सामन्याचं जुनं रेडिओ प्रसारण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात. निकाल सगळ्यांना पाठ असतो. असे फॅन्स असलेल्या गावाने वाटाघाटीत घाबरून बसायचं कारण नाही.

या माणसांना संघाने २०२५ मध्ये काय दिलं तेही लिहिलंच पाहिजे. मैदानाबाहेरच्या पदपथात फॅन्सनी पैसे देऊन आपली, आपल्या आईवडिलांची, गेलेल्या माणसांची नावं कोरून घेतलेल्या विटा होत्या. दुरुस्तीत त्या काढल्या गेल्या आणि एप्रिलमध्ये त्या पुनर्वापराच्या ठिकाणी ढिगाऱ्यात पडलेल्या कोणाला तरी दिसल्या. त्याच महिन्यात उजव्या कुंपणावरचं रॉबर्टो क्लेमेंटेचं २१ क्रमांकाचं चिन्ह झाकून तिथे एका पेयाची जाहिरात लावली गेली. क्लेमेंटे म्हणजे आमच्यासाठी फक्त तीन हजार हिट्सचा खेळाडू नव्हे. निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना ३१ डिसेंबर १९७२ ला विमान कोसळून तो गेला. ते उजवं कुंपण २१ फूट उंच आहे, ते त्याच्यासाठीच. ओरड झाल्यावर चिन्ह परत आलं, माफीही मागितली गेली. पण हे सुचलंच कसं, हा प्रश्न राहतो. ज्या व्यवस्थापनाला लोकांनी जपलेल्या वस्तूंची किंमत कळत नाही त्याला लोकांनी दिलेल्या मैदानाची कळेल, अशी आशा करार न करता धरणं भाबडेपणाचं होईल.

आता पुढचं. घड्याळ स्कीन्सच्या नावाने चालू आहे. सहा वर्षांची सेवा पूर्ण झाली की खेळाडू कोणत्याही संघाशी करार करायला मोकळा होतो, आणि स्कीन्स २०२९ च्या मोसमानंतर होईल. पहिल्या तीन वर्षांत पगार जवळजवळ संघ ठरवेल तोच. २०२५ मध्ये त्याचा पगार होता ८ लाख ७५ हजार डॉलर. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच्या पदार्पणाच्या जर्सीचा तुकडा लावलेलं एक कार्ड लिलावात ११ लाख १० हजारांना गेलं. खेळाडूच्या वर्षभराच्या पगारापेक्षा त्याच्या कार्डाला जास्त भाव! इतका स्वस्त आणि इतका थोर पिचर हाताशी असताना वाचलेला पैसा फलंदाजांवर ओतायचा नाही, तर कधी ओतायचा?

२०२५-२६ च्या हिवाळ्यात थोडी हालचाल झाली, हे मान्य करायला मला आनंद वाटतो. ब्रँडन लो आला, त्याने २०२५ च्या मोसमात ३१ होम रन मारले. रायन ओ’हर्नला दोन वर्षांसाठी २ कोटी ९० लाख दिले. अनेक वर्षांनी या संघाने बाहेरच्या मोकळ्या फलंदाजाला एकाहून जास्त वर्षांचा करार दिला. पिचिंगमध्ये स्कीन्समागे मिच केलर आणि बबा चँडलर आहेत, दुखापतीतून सावरणारा जॅरेड जोन्स आहे. आणि मग कॉनर ग्रिफिन. हा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) २०२४ मध्ये शाळेतून थेट ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, आमच्याकडे आला, २०२५ मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवर, .३३३ च्या सरासरीने खेळला, २१ होम रन आणि ६५ बेस चोरले. मी बऱ्याच होतकरू पोरांबद्दल उत्साह आवरून धरतो. याच्याबद्दल आवरत नाही.

२०२६ मध्ये हा संघ ८० ते ८५ सामने जिंकू शकेल आणि वाइल्ड कार्डच्या शर्यतीत सप्टेंबरपर्यंत टिकेल, असं मला वाटतं. त्यासाठी क्रूझने डावखुऱ्या पिचर्सना खेळायला शिकलं पाहिजे आणि रेनॉल्ड्सला जुना सूर सापडला पाहिजे. लो मात्र २०२६ नंतर मोकळा होतो, म्हणजे ही एका वर्षाची डागडुजी आहे, पाया नव्हे. पाया घालायचा तर स्कीन्सला दीर्घ मुदतीच्या कराराचा खरा, आकड्यांसकट प्रस्ताव द्यावा लागेल. तो कदाचित नाही म्हणेल. म्हणू दे. पण विचारलंच नाही असं व्हायला नको.

खरी परीक्षा खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपताना. त्या आठवड्यात संघ वाइल्ड कार्डपासून तीन-चार सामने मागे असेल, तर नटिंग यांचं व्यवस्थापन एखादा फलंदाज विकत घेतंय की आपलाच एखादा विकतंय, ते काउंटीच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींनी वहीत टिपून ठेवावं. भाडेकराराच्या बैठकीत ती वही उपयोगी पडेल.